रक्ताचा रिपोर्ट

आमचे हे, म्हणजे सुदर्शनराव, नांदेडहून रक्ताचा रिपोर्ट घेऊन अर्धापूरला आले आणि सोफ्यावर आडवे झाले ते झालेच. सासूबाईंना, केवळाबाईंना, अल्झायमर आहे. त्याचा धोका वाढवणारा जनुक ह्यांच्यातही निघाला. ‘धोका वाढतो, होईलच असं नाही, रोज चाला,’ असं डॉक्टर ज्योत्स्नाताईंनी परत परत समजावलं होतं. पण ह्यांनी मोबाइलवर वाचलं, की असा जनुक असलेल्या काहींना व्यायामाचा गुण कमी येतो. झालं! आळशाला तेवढंच पाहिजे होतं.

“कशाला चालू? आईनं जन्मभर केळीच्या बागेत पायपीट केली. काय उपयोग झाला?”

सासूबाईंना आंघोळ मी घालायची, भरवायचं मी, आणि ह्या धडधाकट माणसाला चहाही हातात द्यायचा. उद्या हेही विसरायला लागले तर? माझं डोकंच फिरलं. ओढतच नेलं त्यांना डॉक्टरांकडे.

“कुणाला किती गुण येतो, याचा अभ्यास अजून चालू आहे,” ताई म्हणाल्या. “म्हणून चालणं सोडा, असं कुणी म्हणत नाही. तुमच्या मुलीकडेही हा जनुक गेला असू शकतो. तिच्या आईच्या माहेरी कुणाला विसराळूपणा?”

“हिचा काय संबंध मॅडम? ही दुसऱ्या घरची.”

“दुसऱ्या घरची?” मी ओरडलेच. “मामाची पोरगी हाय मी तुमच्या! आत्या हाय ती माझी, सख्खी! घरातलीच पोरगी म्हणून बघायचा कार्यक्रमसुद्धा केला न्हाई तुम्ही लोकांनी!”

ताईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुमच्यातही असू शकतो. आणि मुलीला दोन्हीकडून मिळाला, तर धोका आणखी जास्त.”

आमची उज्वला लातूरला अकरावीत आहे. माझा राग कुठल्या कुठे गेला, नुसती भीती उरली. तपासायचं की नाही, ते तुम्ही ठरवा, असं ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे न सांगता बूट घालायला बसले. मी सासूबाईंची वेणी घालत होते.

“कुणाची गं तू?” त्यांनी विचारलं. रोज मी ‘सून’ म्हणते.

“तुझ्या भावाची पोर, आत्या.”

त्यांनी वळून माझी हनुवटी धरली, निरखून पाहिलं, आणि तोंडभर हसल्या.

“हाव की! समदी माझ्यावरच गेलीस.”