ठोक्याला ठोका

मी एक जुनी हातोडी आहे. मित्रांनो, तुमच्या घरी खिळे ठोकायला असते ती नव्हे. त्या बिचारीला कोणीही उचलावं आणि कशावरही आपटावं. मी तांबटाची हातोडी. माझं तोंड लहान, किंचित फुगीर आणि आरशासारखं गुळगुळीत आहे. वाकून पाहिलंत तर त्यात तुमचं नाक भोपळ्याएवढं दिसेल. आजवर माझा दांडा अनेकदा बदलला, तोंड मात्र तेच आहे.

एका लोहाराने मला घडवलं. त्याने मला तापवलं, बडवलं, पाण्यात बुचकळलं आणि पुन्हा बडवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं माणसं म्हणतात. मी घाव सोसले खरे, पण देवपण वगैरे काही आलं नाही, फक्त घाव घालायची अक्कल आली. दया कशाशी खातात हे मला ठाऊक नाही. माझी गोष्ट ऐकताना तिची अपेक्षा धरू नका.

माझं काम काय, ते आधी सांगते. तांब्याचा पत्रा विस्तवात लाल करतात, निववतात आणि बडवून बडवून त्याला पोट आणतात. तांब्याचा स्वभाव असा, की मार बसला की ते ताठर होतं. मग त्याला पुन्हा विस्तव दाखवायचा, म्हणजे ते मऊ पडतं आणि पुढचा मार खायला तयार होतं. भांड्याला आकार आला की माझी पाळी. ऐरणीवर भांडं फिरवत तळापासून काठापर्यंत ठोक्याला ठोका लावून मारत जायचं. प्रत्येक ठोक्याची एक चकचकीत टिकली उमटते. याला मठारणं म्हणतात. टिकल्यांच्या ओळी जितक्या सरळ, तितकं भांडं पक्कं आणि कारागीर मोठा.

आज ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते पहिल्यांदा माझ्यापाशी आले तेव्हा मला उचलायला त्यांना दोन्ही हात लागत. शेजारी त्यांचे वडील बसत. ओळ जरा वाकडी गेली की वडील मला त्यांच्या हातून काढून घेत, उलटी धरत आणि माझ्या दांड्याने पोराची बोटं शेकून काढत. पोराने रडायचं नाही. रडलं तर डोळ्यांतलं पाणी भांड्यावर पडून डाग उठतो, म्हणून आणखी एक तडाखा. तात्यांच्या अंगठ्याचं नख त्या दिवसांत काळं पडलं ते कायमचंच. मला त्याचं वाईट वाटलं का? खरं सांगू, नाही वाटलं. मला ओळ सरळ हवी होती.

आणि ओळ सरळ झाली. तात्या जाणते झाले तेव्हा त्यांच्या टिकल्या अशा बसत की गिऱ्हाईक बाया भांड्यावरून बोट फिरवत आणि म्हणत, "अगदी छापल्यासारखं आहे हो!" त्या काळी ही शाबासकी होती. तात्या हसत नसत, पण पुढचा ठोका जरा जास्त ऐटीत पडे.

मग स्टील आलं, प्लास्टिक आलं. दुकानासमोरची गर्दी पांगली, भट्टी विझली आणि मी चिंध्यांत गुंडाळलेली एका पत्र्याच्या पेटीत जाऊन पडले. मला गंज चढला. तात्या अधूनमधून पेटी उघडून माझ्यावर तेलाचं बोट फिरवत, बस. पुढे तेही थांबलं.

मला बाहेर काढलं ते चिरंजीवांनी. चिरंजीव म्हणजे तात्यांचा एकुलता एक मुलगा. याने जन्मात कधी ऐरणीला हात लावला नव्हता, पण शहरातल्या लोकांना हल्ली हाताने घडवलेल्या वस्तूंचं वेड लागलंय, एवढं याच्या नाकाला बरोबर जाणवलं. शहरात मोठमोठ्या मंडपांत हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. कुणी चटया आणतं, कुणी मातीची भांडी, कुणी लाकडी खेळणी. चिरंजीवांनी कारखान्यातून तांब्याच्या गुळगुळीत फुलदाण्या आणि पेले आणले आणि मागच्या खोलीत बसून त्यांच्यावर माझ्याने पोचे पाडायला घेतले. कसेही, कुठेही. मित्रांनो, मी मारायला नाही म्हणणारी नव्हे, पण इतकं आंधळं मारणं मी पाहिलं नव्हतं.

तात्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं.

"अरे, काय चाललंय तुझं? ठोके आहेत की दगडफेक?"

"तात्या, लोकांना असंच आवडतं. तुम्ही पडा बरं जरा."

तात्या पडले, पण डोळे मिटले नाहीत.

आता प्रदर्शनवाल्यांचा एक नियम होता. स्टॉलवर खरा कारागीर काम करताना दिसला पाहिजे, तरच जागा. चिरंजीवांना दोन ओळी मठारायला सांगितलं असतं तर पितळ उघडं पडलं असतं. म्हणून मग तात्यांची आठवण झाली. नवा सदरा आला, सूनबाईंनी स्वतः बटणं लावून दिली. तात्यांनी विझलेली भट्टी पुन्हा पेटवून एक घागर घडवली होती, तिची मठारणी तेवढी बाकी होती. ती आणि गंज घासून लखलखीत केलेली मी, अशा दोघींना त्यांनी सोबत घेतलं. निघताना त्यांनी मुलाला एकच गोष्ट मागितली.

"तुझी भांडी तू वीक. मी मध्ये पडत नाही. पण माझी घागर त्यांच्यात मिसळू नकोस. ती माझ्या हातची आहे, एवढं लोकांना कळू दे."

"हो हो, कळेल की," चिरंजीव म्हणाले आणि खोकी उचलायला लागले.

मंडपात तात्यांना एका चौथऱ्यावर बसवलं, समोर दोरी बांधली. लोक दोरीपलीकडून फोटो काढत. लहान मुलांना उचलून दाखवत. तात्यांनी घागर मठारायला घेतली आणि जुना हात पुन्हा चालू लागला. ओळीमागून ओळ सरळ. तीन दिवसांत घागर काठापर्यंत आली. तात्यांनी मला खाली ठेवलं.

चिरंजीव धावत आले. "थांबलात का? आवाज येत राहिला पाहिजे. आवाजावर तर माणसं येतात."

"घागर झाली रे. आणखी मारली तर तांबं ताठरेल. दुसरा पत्रा दे, नाहीतर हिला विस्तव तरी दाखवू दे."

"मंडपात विस्तव चालत नाही. आणि पत्रा काय झाडाला लागतो? हळूहळू मारत बसा त्याच घागरीवर."

"हळू मारलं तरी मार तो मारच."

"तात्या, सगळं घर यावर चाललंय," सूनबाई हळूच म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. घरात तात्यांना गरम पोळी मिळे ती त्यांच्याच हातून.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तात्यांनी मला पुन्हा उचललं. ओळ बिघडू नये म्हणून ते प्रत्येक ठोका जुन्याच टिकलीवर मारत राहिले. पोपटाच्या डोळ्याएवढी ती जागा, तिच्यावर नेमका पुन्हा ठोका. असं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घागरीचा आवाज मात्र दिवसागणिक चढत गेला, आधी घुमायची ती आता किंचाळायला लागली. तिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसत होता. मी मारत होते आणि मला मजा येत होती, हेही सांगून टाकते.

अशात एक जोडपं आलं. बाईंनी दोरीवरून हात घालून घागरीवर बोट फिरवलं.

"ही मशीनची वाटते."

"मशीनचीच," नवरा म्हणाला. "हाताचं काम जरा वेडंवाकडं असतं. ती फुलदाणी बघ, ती खरी."

तात्यांनी मुलाकडे पाहिलं. आता तरी तो बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. चिरंजीव म्हणाले, "बरोबर ओळखलंत साहेब. ती घागर नुसती ठोकून दाखवायला ठेवलीय," आणि फुलदाणी कागदात गुंडाळू लागले.

शेवटच्या दिवशी प्रदर्शनाच्या मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या. यंदाचा उत्कृष्ट कारागीर निवडायचा होता. मॅडमनी एक पोचे पाडलेली फुलदाणी उचलली आणि कौतुकाने विचारलं, "आजोबा, ही तुमच्याच हातची ना?"

तात्यांनी मला खाली ठेवलं. "नाही."

"मग कोणाच्या हातची?"

"कोणाच्याच नाही. कारखान्यातून आलीय. वरचे पोचे माझ्या मुलाने पाडलेत."

शेजारच्या चटईवाल्याचाही हात थांबला. चिरंजीवांचा चेहरा पांढराफटक पडला. पण क्षणभरच. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मॅडम, मनावर घेऊ नका," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तात्या विसरतात हल्ली. परवा मलाच विचारत होते, तू कोण म्हणून."

"मी विचारलं?" तात्या म्हणाले. "मी? सूनबाई, तू सांग. तू खोटं बोलणार नाहीस."

सूनबाईंच्या हातात तात्यांसाठी आणलेला चहा होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, रचून ठेवलेल्या फुलदाण्यांकडे पाहिलं आणि चहाकडे पाहत म्हणाल्या, "हो मॅडम. विसरतात हल्ली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे तर सगळ्यांना खात्रीच पटली.

तात्यांनी घागर उचलून फुलदाणीशेजारी ठेवली. "बरं. मी विसरतो. पण तुम्हाला डोळे आहेत. ही घागर माझी. बघा आणि तुम्हीच सांगा, यातलं हाताचं कोणतं."

मॅडमनी दोन्हीवरून बोट फिरवलं आणि पाहुण्यांकडे वळून दुःखाने मान हलवली. "आजोबा, ही तर मशीनची आहे हो. सगळे ठोके एकसारखे. माणसाच्या हाताला असं जमतं का?"

"जमतं. मला शिकवलंय." तात्यांनी काळ्या नखाचा अंगठा पुढे केला. मॅडमनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "किती थकलेत हे हात!"

तात्यांनी हात सोडवून घेतला आणि मला उचललं. घागर हाडासारखी ताठरली आहे, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं, त्यांचे कान काही विसरले नव्हते. पण इतके लोक कीव करत उभे असताना शहाणपण कुणाला सुचतं? "आता बघा," ते म्हणाले. पहिला ठोका नेमका टिकलीवर बसला. दुसरा, तिसराही. चौथ्याला काठापासून पोटापर्यंत तडा गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणीतरी "अरेरे" केलं. चिरंजीव पुढे झाले आणि अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदाच मायेने बोलले, "द्या तात्या ती इकडे. लागेल कुठेतरी."

सन्मान चिरंजीवांना मिळाला. अशा अवस्थेतल्या वडिलांना सांभाळून परंपरा जपणारा मुलगा, असं मॅडम माईकवर म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी आजूबाजूला पाहिलं, सगळे वाजवतायत म्हणून त्यांनीही वाजवल्या.

मित्रांनो, भांड्यावर पाडलेला पोचा उचलता येतो, माणसावर पाडलेला नाही. "विसरतात" हा शब्द तात्यांना चिकटला तो चिकटलाच. आमटीत मीठ नाही म्हणाले, तरी विसरतात. दार उघडं राहिलंय म्हणाले, तरी विसरतात. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत सूनबाई त्यांना वाढायलाच विसरल्या. तात्या दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "मी जेवलो नाही अजून." आतून चिरंजीव म्हणाले, "जेवलात की तात्या, मघाशीच." तात्या उभे राहिले. मग त्यांनी पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ विचार केला. "असेल," ते म्हणाले आणि परत खोलीत गेले.

माझं मात्र छान चाललंय. सन्मान मिळाल्यापासून चिरंजीवच कारागीर झालेत आणि दोरीमागे बसून नव्या हातोडीने सगळ्यांसमोर पोचे पाडतात. मला मखमलीच्या पाटीवर टांगलंय, खाली चिठ्ठी लावलीय, वरून दिवा सोडलाय. माझ्यावर धूळ बसू देत नाहीत. तात्यांना घरी एकटं ठेवायला नको म्हणून सोबत आणतात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवतात.

परवा ते खुर्चीवरून उठले, माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात पुढे केला. शाळेच्या सहलीतली एक मुलगी शेजारीच उभी होती. ती गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, हात नाही लावायचा. लिहिलंय तिथे."

"काय लिहिलंय?"

"शंभर वर्षांची हातोडी. कृपया हात लावू नये."

"कोणाची आहे?"

मुलीने चिठ्ठी पुन्हा नीट वाचली. "ते नाही लिहिलेलं."

तात्यांनी मान हलवली आणि हात मागे घेतला. ते मस्करी करत होते, की मुलीची परीक्षा घेत होते, की त्यांना खरोखरच आठवत नव्हतं, हे मला कळलं नाही. त्यांचा हात ओळखण्यात मी कधी चुकले नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी आमची निगा राखा म्हणून हात जोडायचे असतात. मी नाही जोडणार. मला दर आठवड्याला तेल मिळतं. तुमच्यापैकी कुणी त्या मंडपात आलंच, तर माझे फोटो काढत बसू नका. कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी जा आणि विचारा, "तात्या, जेवलात का?" ते नाही म्हणाले, तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.