वेंडलची पट्टी

त्या सकाळी वेंडलच्या खोलीत जायला माझे पाय उचलत नव्हते. काल त्यांनी एक सुपरनोव्हा 'वन-ए' प्रकारचा म्हणून जाहीर केला होता आणि ते साफ चुकलं होतं.

ट्यूसॉनच्या आमच्या कचेरीत पहाडावरच्या दुर्बिणीकडून फुटलेल्या ताऱ्यांचे, म्हणजे सुपरनोव्हांचे, वर्णपट येतात. बहुतेकांची वर्गवारी आता संगणकच करतो. त्याला जमत नाहीत ते वेंडल ऑस्टगार्डकडे जातात. वय चौऱ्याहत्तर. हत्यार एकच, पुठ्ठ्याची एक पट्टी. तिच्यावर सिलिकॉन, हायड्रोजन, कॅल्शियम यांच्या खुणा. वर्णपटात सिलिकॉनच्या खुणेपाशी खाच दिसली तर तारा 'वन-ए', हायड्रोजनच्या खुणेपाशी दिसली तर 'टाइप टू'. आकाशगंगा आपल्यापासून लांब पळतात, म्हणून त्यांच्या प्रकाशातल्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या असतात. तेवढीच पट्टी आधी सरकवायची आणि मगच वाचायचं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे शिकवलं होतं.

काल त्यांनी पट्टी सरकवलीच नव्हती. हायड्रोजनच्या खाचेला सिलिकॉन म्हणून मोकळे झाले होते. मला रात्रभर झोप आली नाही. गेल्या महिन्यात ते गाडी कुठे लावली ते विसरले, तेव्हा आम्ही हसलो होतो.

"ये ग्वेन. बरिटो खाणार? अर्धा उरलाय."

"नको." मी कालच्या वर्णपटाचा कागद पुढे ठेवला. "हे जरा बघता?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हसायलाच लागले.

"कोणत्या दिवट्याने केलंय हे? पट्टी सरकवलीच नाही! अगं, हा टाइप टू आहे, आंधळ्यालाही दिसेल. नवीन पोरगा आलाय का कुणी?"

मी कागद आणखी थोडा त्यांच्याकडे सरकवला.

"फार रागावू नकोस हं त्याला. पण दुरुस्ती त्याच्याच हातून..." त्यांचं बोट कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर थांबलं. तिथे त्यांचंच नाव होतं.

बराच वेळ ते त्या नावाकडे बघत राहिले. मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटत होती.

"पेन दे," ते म्हणाले. 'टाइप टू. चूक माझी. वें. ऑस्टगार्ड.' अक्षर तेच, सरळ आणि बारीक. "लगेच पाठव. उगीच कुणाच्या तरी दुर्बिणीचा वेळ वाया जायचा. संचालकांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"चूक कुणाचीही होते, पोरी. मला आजचा एखादा वर्णपट दे. आणि हे बघ, पुन्हा चुकलो तर तोंडावर सांगायचं. माझी कीव करायची नाही. मी स्वतः या खोलीची किल्ली तुझ्या हातात देईन आणि घरी जाईन."

मी मुद्दाम सोपा वर्णपट शोधला. इतका सोपा, की संगणकाने सकाळीच ओळखला होता. टाइप टू. आकाशगंगेच्या रेषा त्यात ठळक दिसत होत्या, पट्टी किती सरकवायची ते त्यांवरून लगेच कळत होतं. कागद त्यांच्यापुढे ठेवताना मी मनातल्या मनात म्हणत होते, सरकवा, वेंडल, सरकवा.

त्यांनी कागद टेबलावर नीट पसरला. पट्टी घेतली, बाहीने पुसली, डाव्या कडेला कड अगदी काळजीपूर्वक जुळवली आणि न सरकवता तशीच धरून वाचलं.

"ही बघ, सिलिकॉनची खाच. वन-ए!" चेहरा फुलला होता. "काय, पटलं ना आता?"

हो म्हणून टाकावंसं वाटलं. त्या माणसाने मला वर्णपट वाचायला शिकवलं होतं. त्याला एवढं एक खोटं द्यायला माझं काय जात होतं?

मी मान हलवली. नाही.

त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कुठे चुकलं, ते त्यांना दिसतच नव्हतं.

"नक्की?"

"नक्की, वेंडल."

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. खोलीची किल्ली कड्यातून निघता निघेना. शेवटी मीच नख घालून ती सोडवून घेतली.