कोरडी म्हणवून घेतलेली टाकी

“तातो, टाकी कोरडी असेल तर दोरी ओढल्यावर निदान हवा तरी सुटायला हवी ना?”

मित्रांनो, हा प्रश्न झेनियाने आपल्या बापाला विचारला, आणि तोही धान्य उतरवायच्या शेडमध्ये, कॉफीचे कप घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर. शाळेच्या वर्कशॉपमधल्या मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती: विचार, नाहीतर हिवाळाभर आमचे स्केट तू वाहायचे. त्या दोघी दारात तोंडावर मफलर दाबून उभ्या होत्या. आणि जिच्याबद्दल हा प्रश्न होता ती मी. ओरेस्टच्या अवजड ट्रकच्या पोटाखाली लटकलेली ब्रेकच्या हवेची टाकी.

कारखान्यात पत्रा वाकवला, टोके जोडली, काळा रंग फासला, झाला माझा जन्म. मला कोणी नटवले नाही. नटायला वरची मंडळी होती: रुपेरी धुराडी, रुपेरी जाळी आणि तो भोंगा. भोंग्याचा रुबाब काय सांगू. जगतो माझ्या हवेवर आणि रस्ताभर ओरडतो स्वतःच्या नावाने. मला त्याची कीव येत नाही. कीव करावी इतकाही तो मोठा नाही.

माझे काम साधे. इंजिनाजवळचा पंप हवा दाबून माझ्यात भरतो आणि त्या हवेच्या जोरावर ब्रेक चालतात. पण हवेबरोबर ओलही येते, गार होते आणि माझ्या तळाशी पाणी होऊन साचते. म्हणून तळाला एक झडप आणि झडपेला एक दोरी. रोज वाकायचे, दोरी ओढायची, पाणी फुस्सकन बाहेर. एवढीच माझी सेवा. शेंबडे पोरही करील.

ओरेस्टचा बाप, म्हातारा हावरिलो, रोज करायचा. त्याचे गुडघे कुरकुरायचे, तरी वाकायचा. धार काढायला बसल्यासारखा दोरीला हात घालून म्हणायचा, “चल गं गाई, दे.” मला गाय म्हणणारा तो एकटाच. मी चालवून घेतले.

मग गाडी ओरेस्टकडे आली. ओरेस्ट दर शनिवारी ती उबदार धुलाईघरात नेतो आणि धुराडी घासतो, इतकी की त्यांत बघून मिशा विंचरतो. माझ्याकडे वाकायचे म्हटले की मात्र त्याची पाठ दुखते. माझ्या आधी हवा सुकवणारा एक डबा बसवलेला आहे. त्यातले सारण बदलायचे असते, हे ओरेस्टच्या गावीही नाही. डबा कधीच निकामी झाला, आणि हा सांगत सुटतो, “हल्लीच्या गाड्यांत पाणी येतच नाही.” नळ्या गोठल्या की त्यांत स्पिरिट ओततो. त्याने रबरी चकत्या तडकतात. मग म्हणतो, रबरच वाईट येते हल्ली.

या हिवाळ्यात माझ्या तळाचे पाणी दगड होऊन बसले. ओरेस्टने बुटाच्या टोकाने दोरी ओढली. काहीच आले नाही. “बघा, खडखडीत कोरडी,” म्हणून तो गावभर मिरवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो जवाच्या दाण्यांनी भरलेला ट्रक घेऊन दरीचा उतार उतरणार होता. शेजारी बायको डारिया बसणार होती, बहिणीकडे जायला. वाटेत माझ्यातला बर्फ थोडा वितळून ते पाणी पुढच्या एखाद्या झडपेत जाऊन पुन्हा गोठले असते, तर त्याने ब्रेक दाबला असता आणि गाडी थांबली नसती. हे मला ठाऊक होते. झेनियाला ठाऊक होते. मिशांना नव्हते.

तर शेडमध्ये तिने विचारले.

“घाल अजून पोरीला वर्कशॉपला,” ओरेस्टचा जोडीदार मेट्रो म्हणाला. “आता जेवायला बसायच्या आधी परीक्षा द्यावी लागेल तुला.”

सगळे हसले. ओरेस्टचे कान लाल झाले. “तुझा आजा होता तेव्हापासून चालवतोय मी गाडी. ये, बघ.” तो वाकला. वाकला एकदाचा. दोरी ओढून म्हणाला, “पाहिलंस? थेंब नाही.”

“थेंब सोड, तातो. फुस्ससुद्धा नाही. केबिनमधला हवेचा काटा बघ, हवा पूर्ण भरलीय. मग ती बाहेर का येत नाही?”

मेट्रोने कप खाली ठेवला आणि स्वतःच्या ट्रकची दोरी ओढायला गेला. तिकडूनही कसलाच आवाज आला नाही.

“थंडीनं झडप अडकली असेल,” ओरेस्ट पुटपुटला.

“मग चल धुलाईघरात. तुला धुराडी घासायला जायचंच आहे.”

तिथे मला हळूहळू ऊब लागली. डारिया पेरोगींचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा, डबा घेऊन आली, मैत्रिणीही मागोमाग आल्या. ओरेस्ट खरोखरच धुराडी घासत होता. झेनिया ओल्या फरशीवर आडवी झाली, माझ्याखाली बादली सरकवली आणि दोरी ओढली. आधी मी नुसती गुरगुरले. मग सगळे ओकले: तपकिरी, तेलकट, घाण वासाचे पाणी. बादली भरली, उतू गेली आणि लोट ओरेस्टच्या नव्या बुटांवर गेला. मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

डारिया बादलीकडे बघत राहिली. “ओरेस्ट, उद्या हे पोटात घेऊन मला दरीत उतरवणार होतास?”

“मला वाटलं कोरडी आहे.”

“वाटलं,” डारिया म्हणाली. एवढेच.

मित्रांनो, ओरेस्टला हसू नका. सायकलची घंटी पुसून लखलखीत करता आणि ब्रेकची तार तुटायला आली तरी बघत नाही, ते कोण? तुम्हीच. जे दिसते ते घासायचे आणि ज्यावर जीव टांगलेला ते विसरायचे, ही खोड माणसांची फार जुनी. मला तुमचे कौतुक नको. रोज एकदा वाका, पुरे.

झेनिया उठली आणि आईबापाकडे वळली. जॅकेटभर माझे पाणी, हातात गाडीची किल्ली. ती तिने कधी काढून घेतली, कुणी पाहिले नव्हते. मैत्रिणींनी मफलर तोंडावरून खाली घेतले.

“मामो, तातो, ऐका. उद्या ही गाडी कुठेही जात नाही. मामो, मावशीला फोन करून सांग. सोमवारी गाडी आमच्या वर्कशॉपला येईल. सुकवायचा डबा बदलू, सगळ्या झडपा उघडून बघू. किल्ली आजपासून माझ्याकडे. रोज सकाळी दोरी मी ओढणार, आणि फुस्स ऐकू आलं तरच किल्ली मिळणार. धुराडी तुझीच, तातो. ती घास खुशाल.”