फ्रिजच्या खोक्याची होडी

बोलतोय तो मी, फ्रिजचा खोका. आतली वस्तू बाहेर काढली की माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही, म्हणून आपली ओळख आपणच करून देतो.

खोपोलीकडच्या एका कारखान्यात जुन्या वह्या, रद्दी आणि फाटके खोके यांचा लगदा झाला आणि त्यातून मी निघालो. म्हणजे अगदी नवा असा मी कधी नव्हतोच. माझ्या अंगाला तीन थर आहेत. दोन बाजूंना सपाट कागद आणि मधे पन्हळी पत्र्यासारखा नागमोडी कागद. त्या पन्हळींत हवा असते, म्हणून मी हलका. पन्हळी उभ्या राहतील असा ठेवलात तर मी माणसाचं वजन पेलतो. त्यांच्या रेषेवर वाकवलात तर सहज मोडतो. पाण्यावर तरंगतो का, हे मात्र माझं मलाच माहीत नव्हतं.

थळला अंबाजीच्या घरी मी टेम्पोतून आलो. माझ्या पोटातला फ्रिज त्याच्या बायकोनं, मनुबाईनं, अलिबागच्या दुकानात जाऊन स्वतः पसंत केला होता. रंगही तिनंच ठरवला होता. फ्रिज पोचला तेव्हा तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. सुनेनं, पूनमनं, तो जागेवर लावला, पुसला आणि मला ओटीवर उभं केलं.

मग मी घरचाच झालो. माझं एक झाकण कापून कपाटाच्या पायाखाली गेलं. दुसऱ्यानं पूनम चुलीला वारा घालायची. तिसरं अंबाजीनं अंगाखाली अंथरलं, कारण पुठ्ठ्यावर जमिनीचा गारवा लागत नाही.

अंबाजीनं चाळीस वर्षं लाकडी होड्या बांधल्या होत्या. आता लोक फायबरच्या घेतात. काम कमी झालं होतंच, पण मनुबाई गेल्यावर त्यानं हत्यारंही गोणीत बांधून ठेवली. विचारलं तर उत्तर द्यायचा. आपणहून काही बोलायचा नाही. दिवसभर माझ्या झाकणावर पडून असायचा.

तीन महिन्यांनी त्याची नात नेत्रा शाळेतून आली ती थेट माझ्यापाशी.

"आजा, पुठ्ठ्याची होडी बांधशील?"

"पुठ्ठ्याची?"

"व्हय. शनिवारी शाळेची स्पर्धा हाय. मी आत बसायचं आणि गावचा तलाव पार करायचा. पुठ्ठा, चिकटपट्टी, मेण. लाकूड चालणार न्हाय."

अंबाजी उठून बसला. त्यानं मला टिचकी मारली, हात फिरवला. "पोटाला रुंद ठेवावी लागंल," तो म्हणाला आणि करवत मागितली.

शेजारची चंद्राबाई कुंपणावरून बघत होती. "अंबाजी, हे झालं की पापडाचं जहाज काढ एखादं."

"तुझ्या हातचे पापड दे. ते काय भिजायचे न्हायत."

पूनमनं चंद्राबाईला बाजूला घेतलं. "काकी, हसा, पण ही होडी बुडाली तर हसू नका. एवढ्या दिवसांत आज बाबा उठलेत. पुन्हा आडवे झाले तर मला उठवता यायचं न्हाय."

माझ्या खालच्या अर्ध्या भागाची होडी झाली. पुढची निमुळती नाळ, पोट, कड, सगळं लाकडी होडीसारखं रेखीव. शेवटी अंबाजीनं तिच्यात दगड ठेवले आणि ती मागच्या दारच्या हौदात सोडली.

"पाणी पिऊ दे तिला. फुगली की सांधे बसतात. सकाळी बघ कशी घट्ट होते ती."

लाकडाचं तसंच असतं. नवी होडी पाण्यात ठेवली की फळ्या फुगतात आणि फटी बुजतात. चाळीस वर्षं त्याचे हात हेच करत आले होते. पण मी फुगलो की सुटतो.

सकाळी हौदात होडी नव्हती. गिच्च भातासारखा लगदा होता आणि तळाशी दगड. नेत्रानं त्यातला मूठभर उचलला. मग म्हणाली, "आजा, हे लाकूड न्हाय."

"व्हय," अंबाजी म्हणाला. "मलाच कळाया पाहिजे होतं." तो ओटीवर आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

शनिवारची स्पर्धा दोन दिवसांवर होती. नेत्रानं त्याची समजूत घातली नाही. माझ्या उरलेल्या भागातून तिनं दोन सारखे तुकडे कापले. एकाच्या चारी कडांना मेणबत्तीचं मेण लावलं, दुसरा तसाच ठेवला. पाण्याची बादली तिनं आज्याच्या उशाशीच आणली आणि दोन्ही आत सोडले.

दोन्ही तरंगले. मला फार बरं वाटलं. पण भात शिजेपर्यंत कोरा तुकडा एका बाजूनं कलला, जड झाला आणि खाली गेला. मेणाचा होता तिथंच होता.

भिंतीकडचं तोंड कधी वळलं ते नेत्राला कळलं नाही. अंबाजीनं तो बुडालेला तुकडा काढून पिळून पाहिला.

"कडेनं पितंय ते. नळ्यांची तोंडं उघडी हायत ना."

"मग?"

"मग तोंडं बंद करायची. मेणबत्त्या किती हायत घरात?"

दुसरी होडी ओबडधोबड झाली. तळाला माझे दोन थर, एकाच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठूनच मोडायला नको. प्रत्येक कड मेणानं बंद. आणि या वेळी हौदाकडे कुणी गेलं नाही.

शनिवारी अंबाजी तलावात गुडघाभर पाण्यात उभा होता. नेत्रा बसली तेव्हा मी चार बोटं खाली गेलो आणि थांबलो. तिनं हातांनी पाणी मारलं. मधे डाव्या बाजूनं गारवा आत येऊ लागला तेव्हा मी घाबरलो, पण तोवर पलीकडच्या पायऱ्या आल्या. आमच्या आधी दोन होड्या पोचल्या होत्या.

"तिसरी तर तिसरी," चंद्राबाई म्हणाली, "पोरगी कोरडी आली."

अंबाजीनं बक्षिसाचं विचारलंच नाही. मला पालथा करून तो ओल कुठून आली ते शोधत होता. गावातला कुलदीप शेजारी येऊन बसला.

"काका, माझ्या होडीची एक फळी सडलीय. सगळे म्हणतात, फायबरची घे."

"बाकीची होडी कशी हाय?"

"ठणठणीत."

"मग एका फळीपायी होडी टाकतोस व्हय? सोमवारी येतो."

आज सोमवार. होडीतला माझा भिजलेला भाग गोणीत भरलाय. भंगारवाला नेईल, पुन्हा लगदा होईल, पुन्हा कुणाचा तरी खोका. तुमच्याकडे खोके आले तर ते कोरडे ठेवून भंगारवाल्याला द्या, एवढीच विनंती.

माझा एक लांब, कोरडा पट्टा अंबाजीनं बाजूला काढलाय. कुलदीपच्या होडीच्या पोटाला लावून तो मला वाकवतोय, पेन्सिलीनं रेघ मारतोय, कापतोय, पुन्हा लावून बघतोय. सागाची फळी खाली आडवी ठेवलीय. तिच्यावर मला ठेवून तो माझ्या कडेनं करवत चालवणार आहे. समुद्रावर मला जाता येणार नाही. फळी जाईल, आणि ती माझ्या मापाची असेल.

"नेत्रा, धर गं हे टोक," अंबाजी म्हणतोय. "हलवू नको."