बाई आल्या की

बटाट्यांवर पाय पडू नये म्हणून बाई भिंतीला धरून, तिरकी पावलं टाकत खाटेपर्यंत गेल्या. खोलीभर गोणपाट अंथरलेलं, त्यावर बियाण्याचे बटाटे. खिडकीच्या अंधुक उजेडात सगळे कोंब वर करून पडले होते. या गावात आल्या की त्यांची झोपायची सोय याच खोलीत.

"चहा टाकते, तोवर पडा जरा," काकू दारातून म्हणाल्या. "गुडघे काय म्हणतायत?"

"म्हणतायत, आता पुरे."

"त्यांचं काय ऐकायचं!"

काकू बाईंपेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या. पण पहिल्या भेटीत बाईंच्या तोंडून 'काकू' निघालं ते निघालं, पुढे कोण बदलतंय! तेव्हा बाई शेतीच्या अर्थशास्त्राच्या नवख्या प्राध्यापक होत्या. हवामान बदलतंय, तर ज्याचं शेत ओंजळीएवढं त्याने करायचं काय, हा त्यांचा प्रश्न. त्या प्रश्नापायी त्या दरवर्षी हा डोंगरउतार चढत आल्या. उत्तरही सापडलं. इथली थंडी लांबत चाललीय हे शेतकऱ्यांनी ओळखलं आणि कुणी न सांगता लागवड पुढे ढकलली. 'छोटा शेतकरी आपणहून शहाणा होतो,' हे बाईंचं वाक्य देशोदेशी गाजलं. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या आणि निरोपाच्या भाषणातही तेच वाक्य होतं.

निरोप घ्यायलाच त्या यंदा महिनाभर आधी आल्या होत्या. पण आल्या आल्या काकूंनी हातातली पिशवी ओढून घेतली, 'वाळलात किती' म्हणून दटावलं, आणि पुन्हा येणं व्हायचं नाही हे सांगायचं राहूनच गेलं. सांगू चहा घेताना, असं म्हणत त्यांनी डोळे मिटले.

ओल्या मातीचा वास नाकात भरला. अर्धवट झोपेत त्यांना वाटलं, कोंब हळूहळू लांब होतायत, खाटेचे पाय धरून वर येतायत. एक इवलासा कोंब कानाशी येऊन अगदी अदबीने विचारत होता, "निघू का आम्ही?" अजून नाही, बाई म्हणाल्या, बाहेर गारठा आहे. "पण तुम्ही तर आलात," तो म्हणाला. मग सगळे एकापाठोपाठ उंबरठा ओलांडून निघाले, शाळा सुटल्यासारखे.

जाग आली तेव्हा खोली रिकामी होती. गोणपाटावर नुसते मातीचे गोल डाग. बाई बराच वेळ बघत राहिल्या. स्वप्न अजून संपलंच नाही असं त्यांना वाटत होतं. मग बाहेरून कुदळींचा आवाज आला, एक नव्हे, अनेक.

अंगणात ऊन कलतं झालं होतं. सगळा उतार माणसांनी भरून गेला होता. काकूंची सून रिकामी पाटी घेऊन सरीतून वर येत होती.

"अगं, लागवड? एवढ्यात?"

"तुम्ही आलात ना!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बाई आल्या की लागवड. या घरात आले तेव्हापासून हेच बघतेय मी. सासूबाईंनी तुम्हाला बसमधून उतरताना बघितलं, वरच्या घरांना हाक घातली. झालं!"

हात पुसत काकू बाहेर आल्या. "आठवतं का, तुमच्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा आमचे कोंब गारठ्याने काळे पडले होते? तुम्ही आल्यावर ज्यांनी लावले, त्यांचे तेवढे तगले. पुढच्या वर्षीही तेच. मग म्हटलं, उगीच डोकं कशाला शिणवा? बाईंचा पायगुण आहे, येतील तेव्हा लावू."

बाई बांधावर मटकन बसल्या. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, आपण बरोबर लागवडीचा हंगाम गाठतो. हंगामच त्यांची वाट बघत थांबत होता. कॉलेजच्या परीक्षा वर्षागणिक लांबत गेल्या, त्यांचं येणं लांबत गेलं, आणि त्यांच्यामागून इथली लागवडही. थंडीही खरोखरच लांबली, म्हणून पीक वाचलं. कोण आपणहून शहाणं झालं होतं? त्यांना लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग सरींमध्ये झाकले जाणारे कोंब दिसताच ते मावळलं.

"काकू, थांबवा हे. कोवळी पानं वर येतील आणि दंव गोठेल. अजून महिनाभर थंडी आहे."

"तुम्ही आलात म्हणजे गेली थंडी."

"थंडीला काय ठाऊक मी आले ते? महिनाअखेरीला माझा निरोपसमारंभ आहे, म्हणून लवकर आले."

"कसला निरोप?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "निवृत्त होतेय. यापुढे येणं नाही व्हायचं."

सुनेने पाटी खाली ठेवली. वरच्या शेतातून कुणीतरी ओरडलं, "बाई, यंदा लवकर पावलात हो!" आणि कुदळी आणखी जोरात चालू लागल्या.

बाईंनी तापमान सांगितलं, मागच्या थंड्यांचे आकडे सांगितले. काकू मान डोलवत ऐकत होत्या, लहान मुलाची बडबड ऐकावी तशा. शेवटी बाई उठल्या, आत गेल्या, पिशवी खांद्याला लावून बाहेर आल्या आणि चपला पायात सरकवू लागल्या.

"हे काय?"

"मी आलेच नाही, काकू."

"काय?"

"आलेच नाही मी अजून. चुकून पाय पडला. ही निघाले."

काकूंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि उतारभर हाक घातली, "अगं ए, थांबा गं सगळ्या! काढा ते बटाटे वर! बाई अजून आल्या नाहीत!"

कुदळी एकेक करून थांबल्या.

"मग येणार कधी?" काकूंचा आवाज बारीक झाला होता.

"थंडी मोडली की."

"आणि ती मोडली हे आम्हाला कसं कळायचं?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंच्या नावावर एका जाडजूड ग्रंथात छापलेलं होतं.

"मी येईन ना," त्या म्हणाल्या.

उतरताना गुडघ्यांनी तक्रार केलीच. वळणावर थांबून त्यांनी मागे पाहिलं. बायका सरीतून एकेक बटाटा उचलून, माती झटकून पाटीत ठेवत होत्या. सकाळपासूनचा दिवस कुणी हलक्या हाताने उलटा गुंडाळत आणावा, तसं सगळं त्या खोलीकडे परत चाललं होतं. निरोपाचं भाषण आता नव्याने लिहावं लागणार होतं. काय लिहायचं ते मात्र त्यांना अजून सुचत नव्हतं.

"अहो, चहा टाकलाय!" वरून काकूंची हाक आली. "घोटभर घेऊन तरी जा!"

बाईंनी हात वर केला. "आल्यावर घेईन!"