माझ्या पायाशी बसलेलं पान

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा हलू नये म्हणून त्याला डोक्यावर घेऊन उभा राहणारा तीन पायांचा स्टँड. तसे माझे दोनच पाय शहाणे. तिसरा आखडू! तो दुमडताना 'खटाक्' असा आवाज होतो आणि त्यावरून मी जन्मभर बोलणी खाल्ली आहेत.

कारखान्यातून निघालो तो थेट एका फोटो स्टुडिओत आलो. मालक समोरच्याला "हलू नका!" म्हणायचे आणि माणसं श्वास रोखून बसायची. पुढे स्टुडिओ बंद झाला आणि मालकांच्या सुनेने मला रानात नेलं.

तिला रातव्याचा फोटो हवा होता. हा पक्षी रात्री उडतो आणि दिवसा जमिनीवर असा बसतो, की वाळकं पानच वाटावं. फोटो मिळाला असता तर एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येणार होता. तिचं पहिलंवहिलं मुखपृष्ठ! सासरे मला खांद्यावर टाकून मागे चालायचे आणि चिडवायचे, "सूनबाई, पक्षी आहे ना नक्की? की मला व्यायाम व्हावा म्हणून हिंडवतेस?"

एका सकाळी त्यांनी मला झुडपापाशी उभं केलं. सून कॅमेऱ्यातून लांबची झाडं न्याहाळत होती. सासरे बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हलू नकोस," ते पुटपुटले.

"काय झालं, बाबा?"

"हे पान माझ्याकडे बघतंय."

अहो, माझ्या आखडू पायापासून वीतभर अंतरावर रातव्याची मादी बसली होती! डोळ्यांची नुसती फट, आणि पोटाखाली अंड्याची कड. माझी तर बोबडीच वळली.

सुनेने कॅमेरा अलगद उतरवला आणि दोघं मागे सरली. पण बाकी सगळीकडे झुडूप, आणि मोकळ्या बाजूने फोटोत मध्येच मी! मला तिथून काढायचं तर पाय दुमडावा लागणार, खटाक् होणार, ती उडणार आणि अंडी उन्हात उघडी पडणार.

"तुझं मुखपृष्ठ आहे," सासरे म्हणाले. "आणू का काढून त्याला?"

सुनेचे डोळे भरून आले. "नको बाबा. राहू दे तिथेच." तिने माझ्यासकट एक फोटो काढला आणि दोघं निघून गेली.

मी मात्र राहिलो. काय काय प्रश्न पडले म्हणून सांगू! आपल्यासारखी दिसणारी पानं हिने शोधली कशी? मला ती झाड समजत असेल का? अंधार पडला की ती आवाज न करता उठायची आणि किडे खाऊन अचूक त्याच जागी परतायची. एका सकाळी अंड्यांच्या जागी दोन मऊ गोळे दिसले, तेही मातीच्याच रंगाचे. पिल्लं आईमागून झुडपात सरकली, तेव्हा कुठे सून मला न्यायला आली.

मुखपृष्ठावर दुसऱ्याचाच फोटो छापला गेला. माझे स्क्रू दवाने गंजले, आता तिन्ही पाय आखडू. मी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात असतो आणि वर भिंतीवर तो फोटो. पाहुणे हसतात, "स्टँडचा फोटो कशाला लावलाय?"

"जरा पायाशी बघा," सासरे म्हणतात. मग पाहुण्यांचा चहा गार होतो.

मित्रांनो, मला तेल नको की पॉलिश नको. रानात गेलात तर पाऊल टाकण्याआधी तेवढं खाली बघा. एखादं पान श्वास रोखून तुमच्याकडे बघत असेल.