मास्तरांचे अकरा शेरे

"अहो बाई, ही मुलगी गेली कुठे?"

मास्तरांनी बोट स्क्रीनवर इतकं दाबून धरलं होतं, की मला आधी त्यांचं बोटच सोडवावं लागलं. वर्गाच्या यादीत आठव्या नावानंतर एकदम दहावं आलं होतं.

"गेली नाही, मास्तर. सिस्टीमनं काढली. एकवीस दिवस कुणी वर्ग उघडला नाही की नाव आपोआप निघतं. परीक्षेच्या यादीतूनही."

"आपोआप? मला न विचारता?"

"सिस्टीम कुणालाच विचारत नाही."

मास्तर म्हणजे आमच्या तंत्रशाळेतले मोटार वाइंडिंगचे मास्तर. एकतीस वर्षं मोटारींमध्ये तांब्याची तार भरायला शिकवतायत, आणि तीन महिन्यांनी निवृत्त होणार. मी संगणक विभागातली. ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा शिक्षकांना शिकवायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. मी चौदा सूचनांचं एक पत्रक काढलं. धडे लहान ठेवा, मुदत आधी कळवा, शंकेला दोन दिवसांत उत्तर द्या, असं सगळं. त्या पत्रकाचा मला भलता अभिमान होता. बाकीच्यांनी ते चहाच्या कपाखाली घातलं. मास्तरांनी तेवढं वहीत उतरवून घेतलं आणि एकेक सूचना पाळली.

आणि 'ही मुलगी' म्हणजे चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. मास्तरांना स्वतःपेक्षा लहान ती सगळी मुलंमुलीच. ती एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. मशीनमधून ओल्या चादरी ओढून काढायच्या, दिवसभर. तिथल्या दुरुस्ती विभागात जायचं तर आमचं प्रमाणपत्र लागणार होतं. प्रत्येक धड्याखाली शंका लिहायची जागा असे. बाकीचे 'समजले' एवढं लिहून सुटायचे. ही पानभर लिहायची.

"पण मी दर आठवड्याला उत्तर दिलं तिला," मास्तर म्हणाले. "अकरा उत्तरं दिली. रात्रीचं जेवण टाळलं एकदा. तिनं उलट एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, समजलं असेल."

मी तिचं पान उघडलं. अकराच्या अकरा उत्तरं तिथं होती. लांबलचक, मुद्देसूद, एक चूक नाही. आणि प्रत्येकाखाली बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं: मसुदा.



"मास्तर, लिहून झालं की तुम्ही काय दाबता?"

"जतन करा."

"आणि शेजारचं 'पाठवा'?"

"ते ऑफिसचं ना?" ते अगदी सरळपणे म्हणाले. "आपण तपासायचं आणि ट्रेमध्ये ठेवायचं. कारकून शिक्का मारून वाटतो. मी आजवर एक पेपर माझ्या हातानं वाटला नाही हो. वाटायचा नसतो."

आमच्याकडे तशीच रीत होती. मास्तरांनी ती नव्या यंत्रात जशीच्या तशी उचलून नेली होती, एवढंच. वर्गातल्या बाकीच्यांचे शेरेही असेच अडकून पडले होते, पण त्यांनी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. जिनं विचारलं तिचंच अडलं. शेरे पाठवायचे असतात, हे माझ्या पत्रकात अगदी शेवटी, चौदाव्या सूचनेत होतं, तेही अर्ध्या ओळीत, आणि कुणी पाठवायचे ते लिहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं, एवढं कुणाला सांगावं लागतं!

मास्तर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे ती अकरा आठवडे भिंतीशी बोलत होती."

आम्ही प्राचार्यबाईंकडे गेलो.

"यादी कालच परीक्षा मंडळाकडे गेली," त्या म्हणाल्या. "आता बंद झाली."

"चूक माझी आहे. तसं लिहून देतो. सही करतो. निवृत्तीच्या कागदांत लागलं तरी चालेल."

"मास्तर, तुम्ही रक्तानं लिहून दिलंत तरी ती यादी उघडत नाही. पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायला सांगा."

"पुढच्या वर्षी मी नाही."

"दुसरे कुणी असतील ना."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. पत्रक माझं होतं, चार महिन्यांत एकदाही मी त्यांचं पान विद्यार्थ्याच्या बाजूनं उघडून बघितलं नव्हतं. मी प्राचार्यबाईंच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. मला माझी लाज वाटली, आणि तरीही तोंड उघडलं नाही.

बाहेर येऊन मास्तर म्हणाले, "त्या अकरा उत्तरांच्या छापील प्रती काढून द्या. मी नेऊन देतो."

"फोन करू या ना."

"फोनवर काय सांगू? उत्तर लिहिलं होतं पण दिलं नव्हतं?"

मीही बरोबर निघाले. लॉन्ड्री आमच्यापासून दोन चौक पलीकडे होती. मागच्या दारातून वाफ बाहेर येत होती. पाळी बदलायची वेळ होती, माणसं आत-बाहेर करत होती. निरोप दिल्यावर ती बाहेर आली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आम्हाला बघून दचकली.

"सर, मी फी भरलीय सगळी," ती आधी हेच म्हणाली.

मास्तरांनी कागद पुढे केले. "तुमच्या शंकांची उत्तरं आहेत. मी वेळेवरच लिहिली होती. तुमच्यापर्यंत पोचली नाहीत. माझ्या हातून राहिलं."

"माझ्याही," मी म्हणाले. निदान तिथं तरी निघालं तोंडून.

ती उभ्या उभ्या वाचू लागली. पहिलं पान भराभर, मग सावकाश. सहाव्या पानाशी थांबली.

"'हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पुढच्या वर्षीच्या धड्यात घालतो.' हे मला लिहिलंय?"

"तुम्हालाच."

"मला वाटायचं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय. सर हसत असतील, म्हणून गप्प आहेत." तिनं नाक पुसलं. "घरी मुलं विचारायची, आई, आलं का उत्तर? शेवटी विचारायची बंद झाली. मग मीच सुपरवायझरला सांगून टाकलं, मला नाही जमणार म्हणून. त्यांनी परवा दुरुस्तीत दुसऱ्याला घेतलं."



"परीक्षेचं..." मास्तर म्हणाले.

"नाव निघालं, माहीतेय. मेसेज आला होता. तो मात्र बरोबर आला."

आत घंटा झाली. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी आत जाऊ लागले. ती हलली नाही. शेवटचं पान वर काढून तिनं खाली बोट ठेवलं.

"इथं तुम्ही मला प्रश्न विचारलाय." तिनं मोठ्यानं वाचलं, "'मोटार नुसती गुरगुरते, फिरत नाही. तिन्ही तारांत वीज आहे. आधी काय कराल?'" मग कागद खाली धरून म्हणाली, "आधी मेन बंद करीन. पट्टा उतरवून मोटारीचा दांडा हातानं फिरवून बघीन. सहज फिरला, तर पट्टा न चढवता मोटार चालू करून बघीन. फिरली तर मोटारीचा दोष नाही, मशीनमध्ये काहीतरी अडकलंय."

"बरोबर," मास्तर म्हणाले.

"लिहून द्या, सर."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. कागद भिंतीला टेकवला. भिंत खडबडीत होती, पेन दोनदा कागदातून आरपार गेलं. त्यांनी पूर्ण शेरा लिहिला, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद स्वतः तिच्या हातात दिला.

तिचे हात ओले होते. दोन बोटांच्या चिमटीत कागदाचा कोपरा धरून, तो अंगापासून लांब ठेवत, ती माणसांच्या मागोमाग आत गेली.